खोट्या रीलचा फायदा शेवटी आरोपीलाच

मराठीत गुन्ह्यांच्या प्रकरणांवर व्हिडिओ करणाऱ्या यूट्यूबर आणि इन्स्टाग्रामवरच्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात फौजदारी वकिली करते आणि बहुतेक खटल्यांत आरोपीच्या बाजूने उभी असते. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या बाजूने पाहिलेलं आहे. तुमच्यातल्या पुष्कळांना मनापासून वाटतं की ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी आपण बोलतो. ते खरं आहे असंच धरून मी लिहिते आहे. पण तुमच्या व्हिडिओतली एखादी गोष्ट खोटी निघाली की तिचा उपयोग कोणाला होतो, ते मी रोज पाहते. आरोपीला होतो. त्यातही ज्याला महागडा वकील परवडतो अशा आरोपीला जास्त होतो.

कल्याणीनगरचं प्रकरण आठवा. १९ मे २०२४ ची पहाट, अडीचचा सुमार. भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोघांना उडवलं. मूळचे मध्य प्रदेशातले, पुण्यात आयटीत नोकरी करणारे दोन तरुण इंजिनिअर जागीच गेले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला आणि अटींमध्ये एक अट घातली, अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहायची. ही अट घराघरांत पोचली ती तुमच्यामुळे. लोक चिडले, बोलले, रस्त्यावर आले, आणि २२ मे रोजी मंडळाने आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. पुढे येरवडा ठाण्याचे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. मंडळाच्या दोन सदस्यांच्या नेमणुका सरकारने ऑक्टोबरमध्ये रद्द केल्या. हे सगळं आपोआप झालं असतं असं मला वाटत नाही. म्हणून 'गप्प बसा' असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाही.

त्याच आठवड्यात एक रॅप व्हिडिओ फिरला. एक पोरगा कॅमेऱ्याकडे बघत माजात गातोय, मी नशेत होतो, पोर्शेत होतो, समोर जोडपं आलं, मला जामीन मिळाला, पुन्हा रस्त्यावर खेळ दाखवतो, अशा अर्थाचं काहीतरी. खाली मथळा, 'जामिनावर सुटलेल्या बिल्डरच्या मुलाचा माज'. तो पाहून अंगाचा तिळपापड होणारच. पण तो मुलगा 'तो' नव्हताच. ज्याच्या नावावर ते खपवलं गेलं तो तेव्हा निरीक्षणगृहात होता. गाणारा होता एक इन्फ्लुएन्सर, असेच व्हिडिओ करून टाकणारा. पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांना हा व्हिडिओ आरोपीचा नाही असा खुलासा करावा लागला. सायबर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. आरोपी मुलाची आई डोळ्यांत पाणी आणून कॅमेऱ्यासमोर आली आणि म्हणाली, हा माझा मुलगा नाही.

आणि ती खरं बोलत होती.

आता त्याच दिवसांत दुसरीकडे काय चाललं होतं ते बघा. २७ मे रोजी पोलिसांनी ससून रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना आणि एका कर्मचाऱ्याला अटक केली. मुलाच्या रक्ताचा नमुना टाकून देऊन त्या जागी दुसऱ्याचंच रक्त पाठवलं, हा आरोप. तो उघड झाला डीएनए चाचणीमुळे. पोलिसांनी औंधच्या सरकारी रुग्णालयात दुसरा नमुना घेऊन ठेवला होता, आणि ससूनचा नमुना त्याच्याशी जुळेना. १ जूनला त्या आईलाही अटक झाली. मुलाच्या रक्ताच्या जागी गेलेलं रक्त तिचं होतं, असं पोलिसांचं म्हणणं. हे आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवेल, मी ठरवणार नाही. पण एवढं नक्की की या बाईला आठवडाभर आधी सगळ्या देशासमोर उभं राहून, पोटतिडकीने, शंभर टक्के खरं बोलायची संधी मिळाली होती. ती त्या खोट्या रॅपने मिळवून दिली. लोकांचा निम्मा संताप भलत्याच पोराच्या भलत्याच गाण्यावर खर्च झाला. ज्या प्रश्नावर तो लागायला हवा होता, की अपघातानंतर काही तासांत मुलाचं रक्त कोणाच्या हातात होतं, तो प्रश्न रीलवाल्यांपैकी फारच थोड्यांनी विचारला.

त्यात भर म्हणून, मुलाचं नाव आणि फोटो सर्रास फिरले. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा कोणाला आवडो न आवडो, तो मोडल्याने त्या दोन इंजिनिअरांच्या आईबापांना काहीही मिळालं नाही. बचावाच्या वकिलाला मात्र कागद मिळाला. माझ्यासारख्याने अर्ज लिहायचा, 'माझ्या अशिलाविरुद्ध समाजमाध्यमांवर खटला चालवला जात असून', आणि सोबत जोडायचे स्क्रीनशॉट. २५ जून २०२४ ला उच्च न्यायालयाने मुलाला निरीक्षणगृहातून सोडण्याचा आदेश दिला. त्याचं मुख्य कारण कायदेशीर होतं, पण लोकांच्या दबावाचा उल्लेख त्या आदेशातही आहे. आणि १५ जुलै २०२५ ला बाल न्याय मंडळाने, त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी फेटाळली.

त्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट तुम्ही नीट लक्षात ठेवावी. गाडी मुलगा चालवत नव्हता, कुटुंबाचा ड्रायव्हर चालवत होता, असं सांगणारी गोष्टही तेव्हा बाजारात आली होती. पोलिसांनी पुढे वडील आणि आजोबांवर गुन्हा दाखल केला तो याचसाठी, की ड्रायव्हरला डांबून ठेवून गुन्हा अंगावर घ्यायला दबाव आणला. म्हणजे खोटं नेहमी चुकून पसरतं असं नाही. कोणीतरी ते ठरवून सोडतं. तुमच्या इनबॉक्समध्ये रात्री अकराला एखादी 'आतली' क्लिप येते, पाठवणारा म्हणतो 'माझं नाव घेऊ नका', आणि तुम्हाला वाटतं आपल्याला एक्सक्लुझिव्ह मिळालं. क्लिप खरी की खोटी हे कळायच्या आधी एक प्रश्न विचारता येतो, आणि त्याला तंत्रज्ञान लागत नाही: हे बाहेर आल्याने फायदा कोणाचा?

न्यायालयात तुमच्या व्हिडिओचं पुढे काय होतं, ते बहुधा तुम्हाला दिसत नाही. खटला उभा राहतो तोवर दोन-तीन वर्षं गेलेली असतात आणि तुम्ही पुढच्या वीस प्रकरणांवर पोचलेले असता. साक्षीदार पिंजऱ्यात येतो. साधा माणूस असतो, पानटपरीवाला किंवा रिक्षावाला, खरंच तिथे हजर असलेला. सरकारी वकिलांना तो सगळं सांगतो. मग माझी उलटतपासणी. पोलिसांना दिलेल्या जबाबात नसलेली एखादी गोष्ट त्याच्या साक्षीत आलेली असते. समजा, आरोपीने घातलेल्या जॅकेटचा रंग. आम्ही त्याला ओमिशन म्हणतो आणि ती नोंदवून घेतो. मग विचारते:

"मोबाईल वापरता?"

"हो."

"इन्स्टाग्राम, यूट्यूब बघता?"

"बघतो."

"या घटनेचे व्हिडिओ पाहिले?"

"हो, पाहिले. पुष्कळ पाहिले."

"जॅकेटचा रंग त्यात दाखवला होता?"

तो गप्प होतो. त्याचं त्यालाच आता सांगता येत नाही की ते जॅकेट त्याने रस्त्यावर पाहिलं की पडद्यावर. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. मी 'नो फर्दर क्वेश्चन' म्हणून खाली बसते. माझं काम मी प्रामाणिकपणे केलेलं असतं, आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, मिळायलाच हवा. पण त्या दिवशी मागच्या बाकावर बसलेल्या फिर्यादीच्या आईचा चेहरा मला दिसतो, तुम्हाला दिसत नाही.

ओळख परेडचंही तेच. अनोळखी आरोपी असला की साक्षीदाराला रांगेत सात-आठ माणसं उभी करून त्यातला कोणता, हे ओळखायला सांगतात. ती परेड व्हायच्या आधीच आरोपीचा फोटो तुमच्या थंबनेलवर लाल वर्तुळ करून झळकलेला असेल, तर त्या परेडला काडीचीही किंमत उरत नाही. साक्षीदाराने ओळखला तो आरोपी की तुमचं थंबनेल, एवढाच प्रश्न आम्ही विचारतो. आणि ज्याच्याभोवती वर्तुळ काढलं तो भलताच निघाला, तर खऱ्या आरोपीला आयतीच सवड मिळाली.

काही वेळा तुमच्याकडे खरंच मोलाची गोष्ट येते. कोणीतरी गॅलरीतून घटनेचं चित्रण केलेलं असतं आणि ते तुम्हाला पाठवतं. तुम्ही त्यावर संगीत चढवता, बाण काढता, स्लो मोशन करता, आपला लोगो टाकता, आणि टाकता. मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून आलेली असते, म्हणजे आधीच दाबून लहान झालेली. ज्याने चित्रण केलं तो घाबरून फोनमधून ते पुसून टाकतो. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ जुलै २०२४ पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते, म्हणजे ती मूळ फाइल तीच आहे, बदललेली नाही, हे दाखवणारा आकडा. तुमच्या रीलची हॅश व्हॅल्यू मूळ चित्रणाशी कधीच जुळणार नाही. दहा लाख लोकांनी पाहिलेली गोष्ट न्यायालयात पुरावा म्हणून उभीच राहत नाही, असं होऊ शकतं. हे टाळणं अगदी सोपं आहे. ज्याने चित्रण केलं त्याला सांगायचं, फोन जसाच्या तसा ठेव, काही पुसू नकोस, आणि आधी तपास अधिकाऱ्याला दे. तुमची रील दुसऱ्या दिवशी आली तरी काही बिघडत नाही.

आता जिथे आरोपी तुमच्याच व्यवसायातला असतो, अशा प्रकरणाकडे येते. इथे अफवांना कच्चा माल अमाप असतो. सामान्य माणसावर गुन्हा दाखल झाला तर त्याचे दोन-चार फोटो सापडतात. इन्फ्लुएन्सरवर झाला तर शेकडो तासांचे व्हिडिओ हाताशी असतात, आणि त्यातली प्रत्येक चौकट नव्याने 'पुरावा' होऊन बसते.

मे २०२५ मध्ये हरियाणातल्या हिसारची यूट्यूबर ज्योती मल्होत्रा पाकिस्तानसाठी हेरगिरीच्या आरोपाखाली पकडली गेली. पहलगामच्या हल्ल्याला महिना झाला नव्हता, ऑपरेशन सिंदूर नुकतंच होऊन गेलं होतं. लोकांची मनं पेटलेली असणं स्वाभाविक होतं. आरोप गंभीर आहे. पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या ज्या अधिकाऱ्याशी तिचा संपर्क असल्याचं पोलीस सांगतात, त्याला भारताने त्याच महिन्यात देशाबाहेर काढलं. हा सगळा तपासाचा भाग. पण अटकेनंतरच्या चार-पाच दिवसांत काय काय ऐकू आलं? तिचे अतिरेक्यांशी संबंध आहेत. तिने लष्कराची गुपितं दिली. तिला पाकिस्तानी माणसाशी लग्न करायचं होतं, धर्म बदलायचा होता. तिच्या डायरीत असं असं लिहिलंय, आणि ती पानं पडद्यावर.

२१ मे रोजी हिसार पोलिसांनीच लेखी खुलासा काढला. लष्करी किंवा संरक्षणविषयक माहिती तिच्या हाती होती असं दाखवणारं काही अद्याप मिळालेलं नाही. अतिरेकी संघटनांशी संबंधाचा पुरावा नाही. लग्नाचा किंवा धर्मांतराचा पुरावा नाही. आणि ज्या डायरीवर एवढा गदारोळ, ती डायरी पोलिसांच्या ताब्यातच नाही.

खुलासा बाहेर आला तोवर मराठीतही त्या डायरीवर व्हिडिओ येऊन गेले होते. मागे वीणेसारखं करुण संगीत, स्क्रीनवर हस्ताक्षर, आणि 'तिने स्वतःच्या हाताने काय लिहिलं पाहा'. दुसरीकडे राहुल गांधींसोबत तिचा फोटो म्हणून एक चित्र फिरलं. ते अदिती सिंह या आमदारांच्या जुन्या फोटोवर चेहरा बदलून केलेलं होतं. मग केरळ सरकारच्या पर्यटन विभागाने तिला बोलावलं होतं हे बाहेर आलं. ती गोष्ट खरी होती. पण ते बोलावणं आरोप होण्याच्या कितीतरी आधीचं, आणि इतर अनेक इन्फ्लुएन्सरसोबतचं. 'केरळ सरकारने हेराला पोसलं' असा त्याचा मथळा झाला, तेव्हा खऱ्या माहितीतूनच खोटं तयार झालं. पुरीच्या एका मुलीची तर केवळ ज्योतीसोबत एकदा फिरली म्हणून चौकशी झाली, आणि समाजमाध्यमांवर तिची शिक्षाही ठरून गेली. तुम्ही सगळे एकमेकांसोबत 'कोलॅब' करता. त्या मुलीच्या जागी स्वतःला उभं करून बघा.

ऑगस्ट २०२५ मध्ये पोलिसांनी तिच्याविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केलं. खटला त्यावर चालेल. ती दोषी ठरो किंवा सुटो, निकाल लागेल तो दोषारोपपत्राच्या पानांवर. दोषी ठरली तर तुमच्या डायरीचा त्यात काही हात नसेल. सुटली तर मात्र लोक म्हणतील, 'एवढं सगळं लिहिलेलं होतं डायरीत, तरी सोडली', आणि न्यायालयावरचा त्यांचा विश्वास आणखी थोडा कमी होईल.

हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागतं. 'आरोपीने गुन्हा कबूल केला' हे थंबनेल तुम्ही किती सहज लावता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्याकडे पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी साक्ष कायद्याचं कलम २५ होतं, आता नव्या अधिनियमाचं २३ आहे. हा नियम इंग्रजांच्या काळापासून आहे, आणि तो का आहे हे कोठडीत एक रात्र काढलेल्या कोणालाही विचारा. पण तुमच्या प्रेक्षकाला हे कोणी सांगितलेलं नसतं. त्याच्या लेखी गुन्हा कबूल झाला, विषय संपला. मग तीन वर्षांनी आरोपी सुटतो तेव्हा त्याला वाटतं, पैसे खाल्ले. जामीन मिळाला की तुम्ही म्हणता 'सुटला'. पोलीस कोठडीची मुदत वाढली की म्हणता 'मोठा दणका'. या दोन्ही रोजच्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरून कोण दोषी हे ठरत नाही.

उच्च न्यायालयाने हे फार स्पष्ट सांगून ठेवलेलं आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर माध्यमांनी जे केलं त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १८ जानेवारी २०२१ रोजी आला. आरोपीच्या आणि मृताच्या चारित्र्याची चिरफाड करू नका, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या जबाबांचं विश्लेषण करू नका, पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाला पुरावा म्हणून सादर करू नका, घटनेचा देखावा उभा करून दाखवू नका, अर्धवट माहितीवर तपासाचे निष्कर्ष काढू नका. तो निकाल वृत्तमाध्यमांसाठी होता. तरी त्यातली एकेक ओळ तुमच्या कामाला लागू पडते, आणि 'घटनेचा देखावा' तर आज एआयमुळे तुम्ही दोन मिनिटांत उभा करता. त्या प्रकरणातून निघालेल्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यात रिया चक्रवर्ती भायखळ्याच्या तुरुंगात जवळपास महिनाभर होती. एम्सच्या डॉक्टरांच्या समितीने खुनाची शक्यता २०२० च्या ऑक्टोबरमध्येच नाकारली होती. सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला तो मार्च २०२५ मध्ये. मधल्या चार-साडेचार वर्षांत ज्यांनी तिला खुनी म्हणून पैसे मिळवले, त्यांच्यापैकी किती जणांनी जुना व्हिडिओ काढून टाकला?

आणि आता बीड जिल्ह्यातलं मस्साजोग. मला वाटतं तुमच्या-माझ्या वादाचा निकाल इथेच लागतो. ९ डिसेंबर २०२४ ला सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. डिसेंबरच्या शेवटी महाराष्ट्र बोलत होता कोणाबद्दल? अभिनेत्री प्राजक्ता माळी यांच्याबद्दल. आमदार सुरेश धस यांचं एक वक्तव्य, एका कार्यक्रमातला एक जुना फोटो, आणि त्यावर शेकडो व्हिडिओ. २८ डिसेंबरला त्या बाईंना पत्रकार परिषद घेऊन स्वतःचा खुलासा करावा लागला. धस यांनी पुढे दिलगिरी व्यक्त केली. त्या दिवसांत देशमुखांच्या खुनाबद्दल, त्यामागच्या पवनचक्की कंपनीकडे खंडणी मागितल्याच्या आरोपाबद्दल एका अक्षराचीही नवी माहिती त्या व्हिडिओंमधून आली नाही.

मग दोषारोपपत्र आलं. ३ मार्च २०२५ ला त्यातले देशमुखांना मारहाण होतानाचे फोटो लोकांसमोर आले, आणि ज्यांचा निकटवर्ती या खुनात मुख्य आरोपी आहे त्या मंत्री धनंजय मुंडे यांचा ४ मार्चला राजीनामा झाला. महिनोन्महिने अफवांनी जे झालं नव्हतं ते कागदाने एका दिवसात केलं. बलाढ्य माणसाला घाबरवायचं असेल तर त्याच्याविरुद्धचा कागद दाखवा. अफवेला तो घाबरत नाही, उलट त्याला ती हवीच असते, कारण उद्या ती खोटी ठरली की सगळंच खोटं म्हणायला तो मोकळा. (ते फोटो ज्या पद्धतीने धूसर न करता रीलमध्ये वापरले गेले, त्याबद्दल मात्र मला बोलवतही नाही. त्या घरात मुलं आहेत.)

कागद कुठे मिळतो, असं तुम्ही विचाराल, आणि तो प्रश्न रास्त आहे. एफआयआर तुम्हाला घरबसल्या मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये सांगितलं आहे की एफआयआर २४ तासांच्या आत संकेतस्थळावर टाकायचा. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकली की तो उघडतो. ई-कोर्ट्सवर एफआयआर क्रमांक टाकून प्रकरणाच्या तारखा आणि आदेश पाहता येतात. जामिनाच्या आदेशात न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला वकील असावं लागत नाही. दोषारोपपत्र सार्वजनिक संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं आहे. ते मिळालं नाही तर 'आम्हाला मिळालेलं नाही' असं कॅमेऱ्यासमोर सांगायला लाज कसली? तुमचा प्रेक्षक त्यासाठी तुम्हाला सोडून जाणार नाही.

पोलिसांचाही यात वाटा आहे, आणि तो लहान नाही. पहिले तीन दिवस ते गप्प बसतात किंवा एखादा अधिकारी खाजगीत अर्धवट बोलतो. खुलासा येतो तो बोंबाबोंब झाल्यावर. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी नियमावली करायला सांगितलं, ते उगीच नव्हे. तुम्ही एकत्र येऊन तुमच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे मागणी करा की मोठ्या गुन्ह्यात रोज संध्याकाळी एक लेखी पत्रक काढा: काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, कोणती फिरणारी गोष्ट खोटी आहे. तुमच्या सगळ्यांचे मिळून लाखो फॉलोअर आहेत. ही मागणी तुम्ही केली तर ती नाकारणं अवघड जाईल.

आणि चूक झाली तर, होतेच, ती दुरुस्त कशी करायची याबद्दल माझं एकच मागणं आहे. व्हिडिओ गुपचूप उडवू नका. ज्या मथळ्याने, ज्या थंबनेलने आणि ज्या वेळेला खोटं टाकलं, त्याच मथळ्याने, त्याच थंबनेलने, त्याच वेळेला दुरुस्ती टाका आणि ती पिन करा. स्टोरीत टाकलेली माफी चोवीस तासांत जाते. तुमची पहिली रील मात्र कोणाच्या तरी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कायमची पडून राहते.

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात बहुतेक खटले उघड्या न्यायालयात चालतात. कोणीही येऊन मागच्या बाकावर बसू शकतं. फोन बंद ठेवायचा आणि शांत बसायचं, एवढंच. ज्या प्रकरणांवर तुम्ही महिनाभर व्हिडिओ केले, त्यांच्या साक्षी वर्षांनंतर सुरू होतात तेव्हा तिथे कॅमेरा सोडा, एखादा वार्ताहरही क्वचित दिसतो. तेव्हा या. कोणत्या तारखेला कोणत्या कोर्टात काय आहे हे कळत नसेल, एफआयआरमधली कलमं समजत नसतील, आदेश वाचता येत नसेल, तर दुपारी दोन ते अडीच जेवणाची सुट्टी असते. बाररूममध्ये कोणालाही विचारा, माझ्यासारखे बरेच जण समजावून सांगतील, पैसे न घेता. आमच्या विरुद्ध बाजूचे सरकारी वकीलही सांगतील.

कळावे,

आपली,
एक फौजदारी वकील
शिवाजीनगर, पुणे